बायनान्सचा सीझी: बिनपत्त्याच्या पेढीची पार्श्वभूमी

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी बायनान्स या क्रिप्टो बाजाराचे संस्थापक चांगपेंग झाओ यांना माफी दिली, तेव्हा बेळगाव-निपाणीकडच्या क्रिप्टोवाल्या पोरांचा एकमेकांना प्रश्न साधा होता: मग आता बायनान्सवर पैसे ठेवायला हरकत नाही की काय? प्रश्नात गफलत आहे. माफी झाओंना मिळाली, बायनान्सवर ठेवलेल्या कुणाच्या पैशाला तिने कसलंही कवच दिलेलं नाही. हा माणूस तुरुंगात का गेला आणि त्याच्या धंद्याची झळ आपल्याकडच्या बँक खात्यांपर्यंत कशी पोचली, हे कळायला मात्र बरंच मागे जावं लागतं.

झाओंना जग ‘सीझी’ म्हणून ओळखतं. जन्म १९७७ चा, चीनच्या ज्यांग्सू प्रांतातला. वडील शिक्षकी पेशातले. भांडवलदारांच्या बाजूचे बुद्धिजीवी असा शिक्का बसल्याने त्यांना काही काळ खेड्यात धाडलं गेलं होतं. पुढे ते शिकायला कॅनडाला गेले आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे थ्येनआनमेन चौकातल्या गोळीबारानंतर दोनच महिन्यांनी, बाकीचं कुटुंबही व्हँकुव्हरला पोचलं. पोरगा तेव्हा बारा वर्षांचा. घरखर्चाला हातभार म्हणून त्याने मॅकडोनाल्ड्समध्ये काम केलं, पेट्रोल पंपावर रात्रपाळी केली. धीरूभाई आणि एडनचा पेट्रोल पंप ही गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना हा भाग लगेच आवडतो, यूट्यूबवरचे प्रेरणावाले तर यातच अर्धा तास काढतात. पण झाओंच्या पुढच्या धंद्याचं मूळ पंपावर नाही, त्यांच्या पहिल्या नोकऱ्यांत आहे.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकल्यावर ते टोकियोत शेअर बाजाराच्या सौद्यांची जुळणी करणारं सॉफ्टवेअर लिहायला लागले. नंतर न्यूयॉर्कला ब्लूमबर्गमध्ये वायदे बाजाराच्या प्रणालीवर काम केलं. २००५ मध्ये ती नोकरी सोडून शांघायला फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी काढली. दलाल पेढ्यांना अतिवेगवान व्यवहारयंत्रणा बांधून देणं हा तिचा धंदा.

सौदे जुळवणं म्हणजे काय, हे बेळगावच्या एपीएमसीत बटाट्याचा किंवा रताळ्याचा लिलाव पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. विकणारा एक भाव धरून बसतो, घेणारा दुसरा बोलतो आणि अडत्या मध्ये उभा राहून गाठ घालून देतो. संगणकावर हेच काम सेकंदाला हजारो वेळा होतं. अडत्याकडे तेवढ्या वेळापुरता दोघांचा ऐवज असतो, म्हणून त्याचं दुकान कुठे, लायसन्स कुणाचं, हे माहीत असावं लागतं. झाओ यातलं पहिलं काम जगात कुणाहीपेक्षा कमी शिकलेले नव्हते. दुसरी बाब त्यांनी बरीच वर्षं वाऱ्यावर सोडली.

बिटकॉइन त्यांना २०१३ मध्ये पत्त्यांच्या डावावर भेटलं. शांघायच्या त्या पोकरच्या बैठकीत बीटीसी चायना या बिटकॉइन बाजाराचे बॉबी ली होते. मिळकतीचा दहावा हिस्सा यात घाल, असा सल्ला मिळाला. झाओ दहाव्या हिश्श्यावर थांबले नाहीत. २०१४ मध्ये त्यांनी राहता फ्लॅट विकून बिटकॉइन घेतलं आणि नंतर भाव कोसळला. मधल्या काळात त्यांनी ब्लॉकचेन डॉट इन्फोमध्ये काम केलं, ओकेकॉइन या क्रिप्टो बाजारात तंत्रप्रमुख झाले, पुढच्या भागीदार हे यी याही तिथे होत्या. २०१५ ला त्यांनी बिजिए टेक काढली. ती इतर बाजारांना व्यवहाराचं सॉफ्टवेअर पुरवायची. २०१७ च्या सुरुवातीला चीन सरकारने तिच्या बऱ्याच गिऱ्हाइकांना टाळं ठोकलं. तयार यंत्रणा हाताशी आणि गिऱ्हाईक नाही, अशा अवस्थेत त्यांनी स्वतःचाच बाजार मांडला.

जुलै २०१७ मध्ये बायनान्स सुरू झालं. भांडवलासाठी बँकेचं दार ठोठावलंच नाही; बीएनबी नावाचं स्वतःचं नाणं विकून दीड कोटी डॉलर उभे केले. सहा महिन्यांत उलाढालीत बायनान्स जगात पहिलं. फेब्रुवारी २०१८ ला झाओ ‘फोर्ब्स’च्या मुखपृष्ठावर. यंत्रणा चपळ होती, नाणी मुबलक होती, अनेक भाषांत काम चालायचं, हे खरंच. पण आणखी एक सोय होती, जिचा पुढे अमेरिकी वकिलांनी पाढा वाचला. २०२१ पर्यंत नुसत्या ईमेलवर खातं उघडून माणूस दिवसाला दोन बिटकॉइनपर्यंत रक्कम काढू शकत होता. आपल्याकडे त्या काळात बँकेत पन्नास हजारांवर रोकड भरायला गेलं की खिडकीतला कारकून पॅन मागायचा.

आता पत्त्याकडे वळू. कंपनी चीनमध्ये जन्मली. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनने नवी नाणी विकण्यावर बंदी घातली, तर बिऱ्हाड जपानला हललं. मार्च २०१८ ला जपानच्या नियामकाने विनापरवाना धंद्याबद्दल ताकीद दिली, तर माल्टाचं नाव पुढे आलं. फेब्रुवारी २०२० मध्ये माल्टाच्या नियामकाने हात झटकले: या कंपनीला आमचा परवाना नाही. मुख्यालय कुठे, असं विचारलं की झाओंचं उत्तर असायचं, मी बसतो तिथे. त्यांच्या चाहत्यांना यात भविष्य दिसायचं. आम्हा सीमाभागातल्या माणसांना वेगळंच आठवतं.

इथे जमिनीचा उतारा कानडीतून निघतो, पोरगी कोल्हापूरला शिकते आणि ठेव असते एखाद्या मल्टिस्टेट सोसायटीत. दोन्ही राज्यांत सभासद असलेल्या या संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात, त्यांचा निबंधक दिल्लीत. संस्था चालते तोवर हे कुणी विचारत नाही. बुडाली की ठेवीदार आधी तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला आणि मग कळतं की ठेवीदारांच्या रक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा, कर्नाटकाचा २००४ चा आणि आपली पावती नेमकी कशात बसते यावर दोन वकिलांची तीन मतं आहेत. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं.

भारतात बायनान्सचा पाय वझीरएक्सच्या मार्फत पडला. निश्चल शेट्टी, समीर म्हात्रे आणि सिद्धार्थ मेनन यांनी मुंबईतून मार्च २०१८ मध्ये हा बाजार सुरू केला. महिनाभरात, ६ एप्रिलला, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करू नका असं बजावलं. त्यावर तोड म्हणून वझीरएक्सने पीटूपी आणलं, म्हणजे पैसे थेट एका गिऱ्हाइकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात आणि बाजार फक्त नाणं धरून ठेवणार. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण वझीरएक्स विकत घेतल्याचं बायनान्सने जाहीर केलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द ठरवलं आणि तीन आठवड्यांत टाळेबंदी लागली. बेंगळुरू-पुण्याहून घरी परतलेली इंजिनिअर पोरं, ऑनलाइन वर्गांना कंटाळलेले व्हीटीयूचे विद्यार्थी, हातात मोबाइल आणि वर चढणारा भाव. आमच्या भागात क्रिप्टो शिरलं ते या काळात.

त्याच सुमारास राज्यातही बिटकॉइन गाजत होतं. बेंगळुरूत नोव्हेंबर २०२० मध्ये पकडलेल्या ‘श्रीकी’ नावाच्या हॅकरवरून २०२१ ला कर्नाटकाचं राजकारण तापलं, २०२३ मध्ये त्यासाठी विशेष तपास पथकही नेमलं गेलं. झाओंशी त्याचा संबंध नाही, पण आपल्याकडच्या जुन्या पिढीने ‘बिटकॉइन’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो या भानगडीमुळे.

मग ५ ऑगस्ट २०२२ उजाडला. सक्तवसुली संचालनालयाने वझीरएक्स चालवणाऱ्या झनमाई लॅब्जच्या सुमारे ६५ कोटींच्या ठेवी गोठवल्या. त्याच दिवशी झाओंनी ट्विटरवर जाहीर केलं की झनमाईत आमची मालकी नाही, तो व्यवहार पुरा झालेलाच नव्हता. शेट्टींनी उलट सुनावलं की तुम्ही वझीरएक्स घेतलेलंच आहे आणि संकेतस्थळाचा ताबाही तुमच्याकडे आहे. पावणेतीन वर्षं लाखो लोक ‘बायनान्सचं आहे’ म्हणून पैसे ठेवत होते आणि मालक कोण यावर दोन मालक चारचौघांत भांडत होते! माझ्या मते झाओंच्या कारकिर्दीचा सगळा पीळ या एका भांडणात दिसतो. पुढे ठेवी मोकळ्या झाल्या, २०२३ च्या सुरुवातीला बायनान्सने संबंध तोडले. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सवर दरोडा पडला, २३ कोटी डॉलरहून जास्त ऐवज गेला. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने नंतर उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे बोट दाखवलं. ‘पैसे अडकलेत बघ, काढाय येईनात,’ हे तेव्हा टिळकवाडीतल्या चहाच्या गाड्यांवर सर्रास ऐकू यायचं. परतफेडीचा आराखडा ठरला सिंगापूरच्या न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिथली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बाजार पुन्हा उघडला. खानापूरच्या पोराचा पैसा, मुंबईची कंपनी, सिंगापूरचा न्यायाधीश.

पीटूपीचं दुखणं याहून जवळचं आहे, कारण ते वझीरएक्सपुरतं नव्हतं, बायनान्सवरही तेच चाललं. समजा चिक्कोडीच्या एकाने पन्नास हजारांचं यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, विकलं. अनोळखी माणसाकडून यूपीआयने पैसे आले, याने नाणं सोडलं, व्यवहार संपला. काही दिवसांनी कार्ड चालेनासं होतं. शाखेत गेल्यावर मॅनेजर सांगतात, खात्यावर लीन लागलाय, म्हणजे पैसे अडवून ठेवलेत. आलेला पैसा दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी फसवून काढलेला असतो. त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलेली असते आणि तिथले सायबर पोलीस पैशाचा माग काढत एकेक खातं गोठवत इथवर आलेले असतात. विकणाऱ्याने फसवणूक केलेली नसते, पण खुलासा त्यालाच करावा लागतो, तोही जिथे तक्रार झाली त्या ठाण्याला. इथलं ठाणं काय सांगणार, हे वर आलंच आहे.

झाओंचा हिशेब अमेरिकेत झाला. त्याआधी त्यांनी एका प्रतिस्पर्ध्याचा निकाल लावला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो बाजाराची नाणी आपण विकणार, एवढं त्यांनी जाहीर केलं आणि आठवड्याभरात एफटीएक्स दिवाळखोरीत गेलं. तिथला घोटाळा मुळातला होता, पण धक्का यांचा. वर्षभराने, २१ नोव्हेंबर २०२३ ला, सिएटलच्या न्यायालयात खुद्द झाओ उभे होते. काळा पैसा रोखण्याची यंत्रणा जाणूनबुजून नीट ठेवली नाही, हा गुन्हा त्यांनी कबूल केला. कंपनीने ४३० कोटी डॉलरहून जास्त भरण्याचं मान्य केलं, त्यांना स्वतःला पाच कोटी डॉलरचा दंड आणि मुख्याधिकारीपदाचा राजीनामा. एक लाखाहून जास्त संशयास्पद व्यवहार कंपनीने कळवलेच नव्हते, असं अमेरिकी अर्थखात्याचं म्हणणं. गिऱ्हाइकांचा पैसा खाल्ल्याचा आरोप मात्र या खटल्यात नव्हता. एफटीएक्सच्या सॅम बँकमन-फ्रीडला २५ वर्षं आणि झाओंना चार महिने, हा फरक त्यातून येतो. सरकारी वकिलांनी तीन वर्षं मागितली होती. २७ सप्टेंबर २०२४ ला ते सुटले आणि १३ महिन्यांनी माफी आली.

भारतात बायनान्सची नोंद वेगळ्या वाटेने झाली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नोटीस काढली, जानेवारीत अॅप बंद पाडलं, जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड केला आणि ऑगस्टमध्ये कंपनी नोंदणी करून परतली. या नोंदणीमुळे ओळखपत्रं घेणं आणि संशयास्पद व्यवहार कळवणं कंपनीवर बंधनकारक झालं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जो विमा असतो, तो इथे नाही. नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर एक टक्का टीडीएस २०२२ पासून आहे, तोटा मात्र कशातूनच वजा होत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये अबू धाबीच्या नियामकाने बायनान्सला पूर्ण परवाना दिल्याचं जाहीर झालं. त्याच महिन्यात हे यी सहमुख्याधिकारी झाल्या. झाओ कंपनी चालवत नाहीत, मोठा हिस्सा मात्र त्यांच्याकडेच आहे.