दानसंस्थांचे अभिलेख व त्यांचे जतन

खाजगी संपत्तीतून उभ्या राहिलेल्या आणि शिक्षण, आरोग्य, संशोधन, कला इत्यादींसाठी अनुदाने देणाऱ्या प्रतिष्ठानांच्या व न्यासांच्या कामकाजातून तयार झालेली कागदपत्रे निवडणे, त्यांची मूळ रचना सांभाळून नोंद करणे, ती सुरक्षित ठेवणे आणि ठरावीक मुदतीनंतर अभ्यासकांसाठी खुली करणे, अशी ही पद्धत आहे. विश्वस्त मंडळाची इतिवृत्ते, अनुदानांच्या फायली, हिशेब आणि कार्यालयीन पत्रव्यवहार हा या अभिलेखांचा एक भाग होय. संस्थेच्या अधिकाऱ्यांच्या रोजनिशा, दौऱ्यांची टिपणे, खाजगी पत्रे आणि निवृत्तीनंतर ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती हा दुसरा. पहिल्या भागाच्या मालकीविषयी सहसा वाद होत नाही. दुसरा भाग संस्थेचा की व्यक्तीचा, हा प्रश्न मात्र अनेकदा अनिर्णित राहिला असून या क्षेत्रातील बहुतेक अवघड प्रश्न त्यातूनच उद्भवलेले आहेत.

या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. लंडनचे सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालय ११२३ मध्ये स्थापन झाले आणि त्याची कागदपत्रे बाराव्या शतकापासून उपलब्ध आहेत, म्हणून काही लेखक मध्ययुगीन धर्मादाय रुग्णालयांपासून सुरुवात करतात. इटलीतील प्रातो येथील व्यापारी फ्रांचेस्को दातीनी (मृत्यू १४१०) याचे उदाहरण वारंवार दिले जाते. त्याने आपली मालमत्ता गरिबांसाठीच्या एका निधीला दिली आणि आपले कागद राहत्या घरात जपून ठेवावेत, असे मृत्युपत्रात लिहिले. सुमारे दीड लाख पत्रे आणि शेकडो हिशेबवह्या यामुळे वाचल्या. एकोणिसाव्या शतकात, बहुधा १८७० मध्ये, त्या जिन्यालगतच्या बंदिस्त जागेत पुन्हा सापडल्या, असे सांगतात. तथापि हे दप्तर मुख्यत्वे व्यापाऱ्याचे आहे. दानसंस्थेने ते सांभाळले, पण ते तिच्या दानकार्यातून निर्माण झालेले नाही, आणि हा फरक पुष्कळदा नजरेआड केला जातो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांत (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत) श्रावणमासी दक्षिणेचे, म्हणजे पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेचे, जे कागद आहेत, त्यांनाही या परंपरेत बसविण्याचा मोह होतो. परंतु ते राज्यसत्तेचे अभिलेख होत. त्यामुळे प्रस्तुत अर्थाने ही पद्धत विसाव्या शतकातील अमेरिकेत आकाराला आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रसेल सेज फाउंडेशन (१९०७), कार्नेगी कॉर्पोरेशन (१९११) आणि रॉकफेलर फाउंडेशन (१९१३) या संस्थांत पगारी अधिकाऱ्यांची यंत्रणा उभी राहिली आणि देणगीचा निर्णय दात्याच्या मर्जीवर न राहता टिपणे, शिफारशी व ठराव यांच्या साखळीतून होऊ लागला. कागद जमू लागले ते या साखळीमुळे.

कागद जमणे आणि ते बाहेरच्यांना दाखविणे या दोन स्वतंत्र गोष्टी होत. कोलोरॅडोतील लडलो येथे २० एप्रिल १९१४ रोजी संपकरी खाणकामगारांच्या छावणीवर हल्ला होऊन स्त्रिया व मुलेही मारली गेली. त्या खाणींत रॉकफेलर कुटुंबाचे मोठे हितसंबंध असल्याने औद्योगिक संबंधविषयक आयोगाने, म्हणजेच वॉल्श आयोगाने, नव्या फाउंडेशनचीही चौकशी केली. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या कॉक्स समितीने (१९५२) आणि रीस समितीने (१९५३-५४) प्रतिष्ठानांना त्यांच्या अनुदानांविषयी विस्तृत जाब विचारला. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने वार्षिक विवरणे लोकांना पाहण्यासाठी ठेवण्याचे बंधन अधिक कडक केले. जतनाची प्रेरणा या चौकशांतून आली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ती प्रशासकीय गरजेतून आली, कारण त्याच अर्जदाराला, त्याच विद्यापीठाला पूर्वी काय दिले होते, हे नव्या अधिकाऱ्याला कळणे भाग होते. उपलब्ध फायलींची मांडणी पाहता कागद ठेवण्याचे कारण दुसरे आणि ते खुले करण्याचे कारण बव्हंशी पहिले, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

या क्षेत्रातील प्रमुख संस्था म्हणजे न्यूयॉर्क राज्यात स्लीपी हॉलो येथील रॉकफेलर आर्काइव्ह सेंटर. रॉकफेलर विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ते १९७४ मध्ये स्थापन झाले. धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांच्या द्वितीय पत्नी मार्था बेअर्ड रॉकफेलर यांच्यासाठी बांधलेल्या हिलक्रेस्ट या घरात ते आहे. २००८ मध्ये ते विद्यापीठापासून वेगळे होऊन स्वतंत्र झाले. कुटुंबाचे व कुटुंबाने काढलेल्या संस्थांचे दप्तर एवढाच त्याचा प्रारंभीचा व्याप होता. कालांतराने कॉमनवेल्थ फंड, रसेल सेज फाउंडेशन, पॉप्युलेशन कौन्सिल, सोशल सायन्स रिसर्च कौन्सिल यांचे अभिलेख तेथे आले आणि २०१२ च्या सुमारास फोर्ड फाउंडेशनचा प्रचंड संग्रहही दाखल झाला. कार्नेगी कॉर्पोरेशनने मात्र आपले अभिलेख १९९० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिले. स्वतःचे अभिलेखागार चालवावे, की विद्यापीठाच्या स्वाधीन करावे, याविषयीचे हे दोन आदर्श आजही समोरासमोर आहेत.

रॉकफेलर फाउंडेशनच्या फायलींची रचना थोडी तपशिलात पाहण्याजोगी आहे. अभिलेखांचे क्रमांकित गट केलेले असून त्यांतील पहिल्यात प्रकल्पांच्या फायली, सहाव्यात क्षेत्रीय कार्यालयांचे कागद आणि बाराव्यात अधिकाऱ्यांच्या रोजनिशा आहेत. प्रकल्पांच्या गटात प्रत्येक देशाला एक अंक दिलेला आहे. २०० म्हणजे अमेरिका, ४०१ म्हणजे इंग्लंड, ४६४ म्हणजे भारत, ६०१ म्हणजे चीन. अंकापुढचे अक्षर विषय दाखविते, उदा., 'आर' म्हणजे मानव्यविद्या, 'डी' म्हणजे निसर्गविज्ञाने. ही अंकमाला अभिलेखपालांनी नंतर लादलेली नाही. ती कार्यालयाची कामकाजातील व्यवस्था होती आणि जशीच्या तशी राखली गेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात रॉकफेलरच्या अनुदानावर भाषाविज्ञानाचा जो कार्यक्रम चालला, किंवा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर १९५२ मध्ये पुण्यात जे विषाणू संशोधन केंद्र निघाले (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था), त्यांचा देणाऱ्याच्या बाजूचा इतिहास पाहू इच्छिणाऱ्याला या ४६४ पासून सुरुवात करावी लागते. एकाच व्यवहाराचे दोन पुरावे दोन खंडांत राहिल्याने कोणत्याही एका दप्तरावरून लिहिलेला वृत्तान्त एकांगी होण्याचा धोका असतो.

अधिकाऱ्यांची रोजनिशी हा या अभिलेखांतील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत विवाद्य प्रकार आहे. फाउंडेशनच्या अधिकाऱ्याने कोणाला भेटलो, काय बोलणे झाले, माणूस कसा वाटला, हे रोज लघुलेखकाला सांगावे किंवा टंकलिखित करून पाठवावे, अशी रीत होती. निसर्गविज्ञान विभागाचे १९३२ पासूनचे संचालक वॉरन वीव्हर यांच्या रोजनिशा यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदावरील कार्बन प्रत सहकाऱ्यांत फिरे. वाचणारा समासात आद्याक्षरे टाकी, कधी एखादा शेराही मारी, आणि संबंधित उतारा कापून प्रकल्पाच्या फायलीत लावला जाई. अशा फायलीत विश्वस्तांचा ठराव दोन ओळींचा आढळतो, पण त्यामागची पसंती-नापसंती कळते ती या उताऱ्यांतून. म्हणजे 'रोजनिशी' असे नाव असले, तरी ते खाजगी लेखन नव्हते. ते कार्यालयीन अहवालाच्या जवळचे असून आपले शब्द वरिष्ठ वाचणार आहेत, याची जाणीव ठेवून लिहिलेले असे. काही अभ्यासक ते मनोगत समजून वाचतात, ते सावधपणाचे नाही.

रोजनिशा कार्यालयात राहिल्या, तरी अधिकाऱ्यांचे अन्य कागद त्यांच्याबरोबर गेले. आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागासाठी आशियात दीर्घकाळ फिरलेले व्हिक्टर हायझर यांचे कागद फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहेत. वैद्यकीय विज्ञान विभागाचे ॲलन ग्रेग यांचे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमध्ये, तर मेक्सिकोतील गहू कार्यक्रमातून पुढे आलेले नॉर्मन बोरलॉग यांचे मिनेसोटा विद्यापीठात आहेत. फोर्ड फाउंडेशनचे भारतातील पहिले प्रतिनिधी डग्लस एन्समिंगर (१९५१-७०) यांचे कागद येल विद्यापीठात गेले. एकाच कार्यालयातील माणसांचे दप्तर असे विखुरले गेल्याने सूचींचा परस्परमेळ घालणे हे अभिलेखपालाचे निम्मे काम होऊन बसते.

अभिलेखशास्त्रात एका निर्मात्याचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळू नयेत, हे तत्त्व फ्रान्समधील १८४१ च्या परिपत्रकापासून आणि विशेषतः म्युलर, फेथ व फ्रुइन या डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये केलेल्या मांडणीपासून सर्वमान्य आहे. त्याच्या काटेकोर अर्थाने हायझर यांचा संग्रह स्वतंत्रच राहिला पाहिजे. मूल्यमापनाबाबत मात्र दोन पक्ष आहेत. इंग्लंडचे हिलरी जेंकिन्सन यांच्या मते काय ठेवायचे, हे कागद निर्माण करणाऱ्या कार्यालयाने ठरवावे, अभिलेखपालाने त्यात हात घालू नये. अमेरिकेचे थिओडोर शेलेनबर्ग यांनी भावी संशोधकाच्या दृष्टीने निवड करण्याचा अधिकार अभिलेखपालाला दिला. दानसंस्थांपुरते पाहता दुसरा पक्ष श्रेयस्कर दिसतो, आणि त्याचे कारण नाकारलेले अर्ज. देणाऱ्या कार्यालयाच्या लेखी नकार दिला की प्रकरण मिटते आणि छाननीत प्रथम तेच कागद जातात. संस्थेने कशाला पैसा दिला नाही, कोणत्या विषयाला, प्रदेशाला वा समाजगटाला दारातूनच परत पाठविले, हे त्यांशिवाय कळत नाही.

अभिलेख एकच असूनही निष्कर्ष किती भिन्न निघतात, याचे चांगले उदाहरण म्हणजे १९८३-८४ मध्ये डोनाल्ड फिशर आणि मार्टिन बुल्मर यांच्यात झालेला वाद. रॉकफेलरच्या पैशाने सामाजिक शास्त्रांना भांडवली व्यवस्थेला सोयीचे वळण लावले, असे फिशर यांचे प्रतिपादन होते. तर अधिकारी व विश्वस्त यांच्यात एकसंध हेतू आढळत नाही आणि विद्वानांना मिळालेले स्वातंत्र्य दुर्लक्षिता येत नाही, असे बुल्मर यांचे म्हणणे. बुल्मर यांचा युक्तिवाद कागदांशी अधिक जुळतो, परंतु फिशर यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्याने निकालात निघत नाही. याच संदर्भात एक गोष्ट नमूद करावयास हवी. रॉकफेलरचे दप्तर सर्वांत व्यवस्थित व सर्वांत आधी खुले झाल्याने विसाव्या शतकातील दानाचा इतिहास त्याच्याकडे झुकलेला आहे, आणि ज्यांनी कागद ठेवले नाहीत, अशा अनेक लहान निधींचे कार्य त्यात नगण्य दिसते.

मुदत ठरवून बंद होणाऱ्या संस्थांची अडचण वेगळी असते, कारण दप्तर सांभाळणारे कार्यालयच उरत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभारण्यास साह्य करणारा ज्युलियस रोझेनवाल्ड फंड १९४८ मध्ये बंद झाला. त्याचे अभिलेख नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे गेले, तर स्वतः रोझेनवाल्ड यांचे कागद शिकागो विद्यापीठाकडे. चक फीनी यांनी १९८२ मध्ये स्थापिलेली आणि २०२० मध्ये कारभार आटोपलेली अटलांटिक फिलान्थ्रॉपीज ही संस्था सुरुवातीची सुमारे १५ वर्षे गुप्तदान करीत असे. आज कॉर्नेल विद्यापीठात तिचे अभिलेख आहेत, हा बदल लक्षणीय होय.

प्रत्यक्ष जतनाचे तंत्र इतर कागदी संग्रहांसारखेच आहे. गंजलेल्या टाचण्या काढणे, आम्लरहित पाकिटे व पेट्या वापरणे, तापमान व आर्द्रता स्थिर राखणे हे सर्वत्र होते. कार्बन प्रतींचा पातळ कागद दुमडीवर तुटतो, उष्णतेवर चालणाऱ्या जुन्या छायाप्रती काळवंडतात आणि ॲसिटेटवरील फिती व चित्रपट कालांतराने आक्रसून व्हिनेगरसारखा वास सोडू लागतात. फोर्ड फाउंडेशनच्या अनुदान फायली मोठ्या प्रमाणावर सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) उतरविल्या गेल्या. जागेची त्याने बचत झाली, पण शाईचा रंग, समासातील पेन्सिलीची फिकट खूण असे तपशील सूक्ष्मपटावर ओळखणे कठीण जाते.

भारतात या स्वरूपाचे काम तुरळक आहे. जे. एन. टाटा एन्डाउमेंट (१८९२), सर रतन टाटा ट्रस्ट (१९१९) आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट (१९३२) यांच्याशी संबंधित कागद टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज या १९९१ मध्ये सुरू झालेल्या व पुण्यात असलेल्या संस्थेत आढळतात. तेथे उद्योगसमूहाचे व न्यासांचे दप्तर एकाच छताखाली आहे. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना लिहिलेले पत्र, ज्यातून पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, हे न्यासाकडे आलेल्या अर्जाचे कदाचित सर्वांत परिचित भारतीय उदाहरण असेल. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हा केंद्र शासन व त्याच्या अखत्यारीतील संस्थांना लागू असून खाजगी न्यासांवर त्याचे बंधन नाही. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी, विश्वस्तांतील बदल व हिशेब यांची कागदपत्रे असतात, पण अनुदान का दिले वा नाकारले, हे त्यांतून समजत नाही. आयकर नियमांत २०२२ साली घातलेल्या नियमाने धर्मादाय संस्थांना हिशेबाची पुस्तके व संबंधित दस्तऐवज १० वर्षे ठेवण्याचे बंधन घातले. अनेक न्यासांत हीच कमाल मर्यादा समजली जाते आणि मुदत संपताच रद्दीवाल्याला बोलावले जाते.

कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक फायली, वैद्यकीय नोंदी आणि शिफारसपत्रे इतर कागदांपेक्षा अधिक काळ बंद ठेवण्याचा प्रघात आहे. अधिकारी सोडून इतरांचे, म्हणजे क्षेत्रीय कार्यालयांतील स्थानिक सहायक, टंकलेखक, चालक, दुभाषे आणि विषाणू केंद्रासाठी डास व गोचिडी गोळा करणारे कामगार यांचे स्वतःच्या शब्दांतील लेखन अत्यल्प असून त्यांचा माग बहुधा पगारपत्रके, प्रवासखर्चाची बिले व छायाचित्रांखालील ओळी यांवरूनच काढावा लागतो. १९९० च्या दशकापासून रोजनिशीची जागा ई-मेलने घेतली. कर्मचारी नोकरी सोडताच त्याचे खाते मिटविण्याची कार्यालयीन सवय आणि त्यातील खाजगी व कार्यालयीन मजकूर वेगळा करण्याचे कष्ट यांमुळे या काळातील संग्रह जुन्या कागदी फायलींपेक्षा विरळ असण्याचा संभव आहे.