नॅसकारच्या गाड्या उडायच्या त्या विंगमुळेच?

नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या गाड्यांवर २००७ मध्ये आलेली मागची विंग (डिकीच्या वर उंचावर बसवलेली आडवी पट्टी) २०१० मध्ये काढून पुन्हा स्पॉयलर (डिकीला थेट जोडलेली उभी पट्टी) बसवला, तेव्हापासून ‘विंगमुळेच गाड्या उडायच्या’ हा समज पक्का झाला. तो अपुरा आहे. विंग नव्हतीच तेव्हा, १९८७ मध्ये, टॅलाडेगाच्या ट्रॅकवर टायर फुटून बॉबी ॲलिसन या चालकाची गाडी गरकन तोंड मागे करून फिरली आणि उडून थेट कडेच्या जाळीवर आदळली.

मूळ कारण हे असं फिरणंच. गाडीचं तोंड मागे झालं की छतावरून वारा वेगाने जातो, तिथला दाब घटतो, गाडी उचलली जाते. म्हणूनच १९९४ पासून छतावर झडपा सक्तीच्या झाल्या. एरवी त्या छताला चिकटून असतात. गाडी फिरली की तोच कमी झालेला दाब त्यांना उघडतो आणि उभ्या झडपा वाऱ्याचा प्रवाह मोडतात. तोंड मागे झालेल्या गाडीला विंगनेही थोडी उचल दिली असेल, पण २०२३ मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर गवतात कोलांट्या खाणाऱ्या चालक रायन प्रीसच्या गाडीला स्पॉयलरच होता.