ब्रिटिशांचे अमेरिकेकडे स्थलांतर

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन वसण्याची चारशे वर्षांची परंपरा. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन वसले तेव्हा हा ओघ सुरू झाला. पुढे तो कधी फुगला, कधी रोडावला, पण आटला नाही. आज ब्रिटनमध्ये जन्मलेले साडेसहा ते सात लाख लोक अमेरिकेत राहतात. आयर्लंड १९२२ पर्यंत ब्रिटिश राज्याचा भाग होते. परंतु आयरिश स्थलांतराची कहाणी निराळी असल्याने ती येथे घेतलेली नाही.

ती निराळी का, हे मात्र लक्षात घ्यावे लागते. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने आयरिश माणसाला बोटीत बसवले, झारच्या राज्यातल्या दंगलींनी ज्यूंना. ब्रिटिशांच्या पाठीशी असा धाक क्वचितच होता. एकोणिसाव्या शतकात तर ते जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातून बाहेर पडत होते. त्यांच्या हातात कसब होते, त्या कसबाचा भाव मायदेशी उतरत होता आणि समुद्रापलीकडे चढत होता. शिवाय पलीकडची भाषा, कायदा, चर्च सगळे ओळखीचे. पोट भरण्यासाठी गेलेल्यांपेक्षा आपल्या कामाला योग्य मोल मिळावे म्हणून गेलेल्यांची संख्या या स्थलांतरात मोठी आहे आणि त्याचे वेगळेपण त्यातच आहे.

वसाहतकाळ

लोकस्मृतीत राहिली ती धर्मस्वातंत्र्याची गोष्ट. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. १६३० नंतरच्या दशकात सुमारे २०,००० प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चमध्ये सुधारणा मागणारे प्रोटेस्टंट) ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये आले, तेही बहुधा कुटुंबकबिल्यासह. १६८१ मध्ये विल्यम पेनला राजाकडून सनद मिळाली आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाला पेनसिल्व्हेनियाचा आसरा लाभला. हे सर्व खरे असले, तरी संख्येचे पारडे दुसरीकडे झुकते. न्यू इंग्लंडच्या दक्षिणेकडील वसाहतींत आलेल्या गोऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक करारबद्ध नोकर होते. जहाजाचे भाडे परवडत नसे, म्हणून चार ते सात वर्षे मालकाकडे राबण्याचा करार करून ते येत. व्हर्जिनियात असा माणूस आणणाऱ्याला दरडोई ५० एकर जमीन मिळे. माणूस राबायचा आणि जमीन मालकाची व्हायची. करार संपण्याआधीच कित्येक जण तापाने मेले.

स्वेच्छेचा प्रश्नच नव्हता असेही बरेच होते. १७१८ च्या कायद्याने गुन्हेगारांना अमेरिकेत पाठवण्याची रीतसर सोय झाली आणि १७७५ पर्यंत सुमारे ५०,००० कैदी तिकडे गेले. स्वातंत्र्ययुद्धाने हा मार्ग बंद केला, तेव्हा ब्रिटनने ऑस्ट्रेलियाकडे मोहरा वळवला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून माणसे निघाली ती १७४६ च्या कलोडनच्या लढाईनंतर कुळांची जुनी व्यवस्था मोडली आणि जमिनीचे खंड वाढले म्हणून. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टरमधले प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक वाढत्या खंडाला व लिननच्या कापडाच्या मंदीला कंटाळून अ‍ॅपलेशियन पर्वताच्या दऱ्याखोऱ्यांत शिरले.

कारागिरांची वाट

स्वतंत्र झालेल्या अमेरिकेकडे आपले कुशल कारागीर जाऊ नयेत म्हणून ब्रिटनने कायदे जारी ठेवले होते. यंत्रे, त्यांचे नकाशे आणि ती चालवणारे हात, तिन्हींवर बंदी होती. डर्बीशायरमधल्या बेल्परचा सॅम्युएल स्लेटर हा कताईयंत्राचा प्रवर्तक आर्कराइट याच्या भागीदाराच्या, जेडेडाया स्ट्रटच्या, गिरणीत उमेदवारी करून तयार झालेला तरुण. १७८९ मध्ये तो शेतमजुराच्या वेषात जहाजावर चढला. कागदाचा कपटाही जवळ नव्हता. कताईची यंत्रे डोक्यात होती. वर्षभरात ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट येथे त्याने ती उभी केली आणि १७९० च्या डिसेंबरात तेथे पाण्याच्या जोरावर सूत निघू लागले. अमेरिकेने त्याला कारखानदारीचा जनक मानले, बेल्परमध्ये तो गद्दार ठरला. कारागिरांवरची ही बंदी १८२४ मध्ये उठली, पण स्लेटरने दाखवलेली वाट त्याआधीच रुळली होती.

पुढच्या शतकाचा नकाशा पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. माणसे देशातून देशात गेली म्हणण्यापेक्षा एका गावाच्या धंद्यातून दुसऱ्या गावाच्या त्याच धंद्यात गेली. मॅकल्सफील्डचे रेशीम विणकर न्यू जर्सीतल्या पॅटरसनला गेले, स्टॅफर्डशायरचे कुंभार ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलला, लँकेशायरच्या गिरणीतले लोक फॉल रिव्हर व न्यू बेडफर्डला, वेल्सचे कोळसा खाणकामगार स्क्रँटनला, अ‍ॅबर्डीनचे ग्रॅनाइट घडवणारे व्हरमाँटमधल्या बॅरीला. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी विस्कॉन्सिनचे शिसे, मिशिगनचे तांबे आणि कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीचे सोने खणले. कॉर्नवॉलचा तांब्याचा धंदा १८६६ मध्ये कोसळल्यावर तर तेथील गावेच्या गावे ओस पडू लागली. खाणीत जागा रिकामी झाली की कॉर्निश माणूस म्हणे, गावाकडे माझा एक चुलतभाऊ जॅक आहे; त्यावरूनच त्यांना ‘कझिन जॅक’ हे नाव पडले असे सांगतात. मांस, बटाटा व सलगम भरून भाजलेली, करंजीच्या आकाराची त्यांची पेस्टी मिशिगनच्या उत्तर भागात आजही घरोघरी होते.

या साखळीमागचे कारण बहुतेकदा जकातीत सापडते. फ्रान्सशी झालेल्या १८६० च्या व्यापारी करारानंतर फ्रेंच रेशीम ब्रिटनमध्ये बिनजकात येऊ लागले व मॅकल्सफील्डचे माग थंडावले. त्याच सुमारास अमेरिकेने परदेशी रेशमावर जबर कर बसवून स्वतःच्या गिरण्या वाढवल्या. वेल्समधल्या कथिल चढवलेल्या पत्र्याचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते. १८९० च्या मॅकिन्ली जकातीने ते तुटले आणि पत्रा करणारे कामगार अमेरिकेतल्या नव्या कारखान्यांत भरती झाले. जकातीच्या भिंतीने माल अडवला; माल घडवणारे हात ती ओलांडून गेले.

दुसरीकडे यंत्राने ज्यांचे काम हिरावले तेही निघाले. स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनच्या एका हातमाग विणकराचे घर वाफेच्या मागांनी उद्ध्वस्त केले आणि १८४८ मध्ये ते कुटुंब उसन्या पैशांवर पेनसिल्व्हेनियाला पोहोचले. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा अँड्र्यू कार्नेगी पुढे पोलादसम्राट झाला. असे भाग्य लाखांत एकाचे, हे विसरू नये. कामगार संघटनांचे गणित वेगळे होते. गावात हात कमी झाले तर उरलेल्यांची मजुरी वाढेल, या हिशोबाने त्या स्वतःच सभासदांचे भाडे भरत. लंडनच्या सिगार कामगारांच्या अशाच निधीच्या मदतीने १८६३ मध्ये गेलेल्या कुटुंबातला सॅम्युएल गॉम्पर्स अमेरिकेच्या कामगार चळवळीचा नेता झाला. कुंभारांच्या संघटनेने १८४० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये जमीन घेऊन वसाहतच काढली. मातीची भांडी घडवणाऱ्यांना शेती जमली नाही आणि ती मोडली.

मजुरीइतकीच ओढ होती जमिनीची आणि मानाची. ब्रिटनमधली बहुतांश जमीन मूठभर घराण्यांच्या हाती होती, तर १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेत पाच वर्षे कसणाऱ्याला १६० एकर मिळत. कामगाराला ब्रिटनमध्ये बराच काळ मतही नव्हते. मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्टांपैकी काही जण खटले आणि निराशा मागे टाकून निघून गेले; ग्लासगोचा पीपे करणारा अ‍ॅलन पिंकर्टन १८४२ मध्ये गेला, तो पुढे गुप्तहेर संस्थेचा संस्थापक म्हणून गाजला. येथे मालकापुढे टोपी काढावी लागत नाही, असे स्थलांतरितांच्या घरच्या पत्रांत पुनःपुन्हा येते. मजुरीच्या आकड्यांइतकेच हे वाक्यही कारण म्हणून मोजले पाहिजे. धर्माची ओढही पुरती संपली नव्हती. १८३७ मध्ये मॉर्मन या नव्या अमेरिकी ख्रिस्ती पंथाचे प्रचारक लँकेशायरमधल्या प्रेस्टनला पोहोचले आणि त्यानंतर हजारो गिरणी कामगारांनी यूटाची वाट धरली. १८५६ मध्ये हातगाड्या ओढत निघालेल्या दोन तांड्यांना वायोमिंगच्या बर्फाने गाठले. दोनशेहून अधिक माणसे त्यात गेली.

१८६० नंतर आगबोटींनी पाच-सहा आठवड्यांचा प्रवास दहा-बारा दिवसांवर आणला. त्यामुळे परतणे सोपे झाले. गवंडी आणि दगड घडवणारे वसंतात अमेरिकेला जाऊन हिवाळ्यात घरी येऊ लागले. कायमचे जायचे की नाही, हा निर्णय पुष्कळांनी घेतलाच नाही.

कोटा आणि त्यानंतर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाने अमेरिकेला मागे टाकले. ब्रिटिशांचा मोठा लोंढा आता साम्राज्यातच राहू लागला. १९२९ पासून अमेरिकेने देशवार कोटा लावला तेव्हा १,५३,७१४ जागांपैकी ६५,७२१ जागा एकट्या ब्रिटन व उत्तर आयर्लंडला मिळाल्या. मंदीमुळे त्या भरल्याही नाहीत. १९३० च्या दशकात जाणाऱ्यांपेक्षा परतणारे अधिक होते. त्याच ब्रिटिश राजाच्या हिंदी प्रजेला मात्र १९१७ च्या कायद्याने दार बंद होते, आणि १९४६ मध्ये ते उघडले तेव्हा साऱ्या हिंदुस्थानाला वर्षाकाठी १०० जागा मिळाल्या. एकाची हजारो आसने रिकामी आणि दुसऱ्याला उंबरठ्यावरही जागा नाही, हा वंशभेद मराठी वाचकाने या नोंदीत वाचून सोडून देऊ नये.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तळ ठोकलेल्या अमेरिकी सैनिकांशी सुमारे ७०,००० ब्रिटिश मुलींनी लग्ने केली. त्यांची पहिली बोट, अर्जेंटिना, १९४६ च्या जानेवारीत साउथॅम्प्टनहून सुटली. मागे राहिलेल्या ब्रिटनमध्ये रेशनिंग १९५४ पर्यंत चालले.

मग पाळी आली विद्वानांची. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन १९४७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि अमेरिकेचाच झाला. संशोधनाला पैसा, तरुणाला स्वतंत्र प्रयोगशाळा आणि वयाची अट न पाहता वाव, या तीन गोष्टी ब्रिटिश विद्यापीठांत दुर्मिळ होत्या. १९६३ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेने शास्त्रज्ञांच्या या गळतीवर अहवाल काढला आणि ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. पुढे भारतीय डॉक्टर-इंजिनिअरांविषयी आपण तो सर्रास वापरला, पण त्याचा जन्म ब्रिटनच्या चिंतेतून झाला. विमान उद्योगातही हेच घडले. वेल्समधल्या अँगल्सी बेटावरचा टेक्विन रॉबर्ट्स कॅनडात अ‍ॅव्हरो कंपनीत होता. १९५९ मध्ये तेथील लढाऊ विमानाचा प्रकल्प गुंडाळला गेला आणि तो नासात दाखल होऊन मर्क्युरी या अंतराळमोहिमेच्या नियंत्रण कक्षात बसला.

१९७० च्या दशकात ब्रिटनमधला आयकराचा वरचा दर ८३ टक्के होता, गुंतवणुकीच्या उत्पन्नावर तर ९८. गायक, नट, उद्योजक यांच्या देशत्यागाला हे सबळ कारण होते. सामान्य माणसाच्या बाबतीत करापेक्षा घराची किंमत, हवा आणि पगार महत्त्वाचे ठरले, आणि आजही ठरतात. सॉफ्टवेअर, वैद्यक, वित्त आणि चित्रपट या क्षेत्रांत अमेरिकी पगार ब्रिटनच्या कितीतरी पुढे आहेत. १९९२ मध्ये लंडनचा जॉनी आइव्ह अ‍ॅपलमध्ये रुजू झाला तो त्याच जुन्या वाटेने. या निवडीची किंमतही मोजावी लागते. ब्रिटनमध्ये कामगाराला कायद्याने वर्षाला २८ दिवसांची भरपगारी रजा आहे, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात एकही नाही. सरकारी आरोग्यसेवा मागे राहते आणि विमा नोकरीला बांधलेला असतो. मुले लहान असताना गेलेली जोडपी याच मुद्द्यावर परत फिरताना दिसतात.

१९६५ च्या कायद्याने ब्रिटिशांची खास सवलत संपली. आता बहुतेकांना नातेवाईक किंवा मालक, यांपैकी एकाचा आधार लागतो. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागताना पासपोर्ट नव्हे, जन्मदेश पाहिला जातो. त्यामुळे लीड्समध्ये जन्मलेला इंजिनिअर लवकर सुटतो, आणि ब्रिटिश नागरिक झालेला पण पुण्यात जन्मलेला त्याचा सहकारी भारताच्या वर्षानुवर्षांच्या रांगेत उभा राहतो. पती-पत्नींपैकी एकाचा जन्म ब्रिटनमधला असेल तर दोघांनाही ब्रिटनच्या रांगेचा लाभ मिळतो. निवृत्तांसाठी आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते. अमेरिकेत राहणाऱ्याचे ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते. कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात गेलेल्याचे ते तेथे गेल्या दिवशी होते तेवढ्यावरच गोठते.