लक्षद्वीप: बेटावर किती माणूस मावतो, हे आजवर कोणी ठरवलं?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, पाठोपाठ मालदीवमधल्या काही उपमंत्र्यांच्या शेऱ्यांवरून वाद पेटला, आणि या बेटांची चौकशी देशभर एकदम वाढली. खान्देशला नाव ओळखीचं आहे. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ आणि जळगावला थांबते. गाडी जवळपास दीड दिवसात कोचीला पोचवते, आणि बेटं तिथून पुढे समुद्रात २२० ते ४४० किलोमीटरवर. जायचं कसं, हे आता सगळे सांगतात. किती जणांनी जायचं, हा प्रश्न मागे पडतो. त्याचं उत्तर गेली पन्नास वर्षं व्यवहारात जहाजाच्या बर्थने आणि परवान्याच्या कागदाने दिलं.

सगळी मिळून ३६ बेटं, वस्ती १० बेटांवर, जमीन एकूण ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे जळगाव महापालिकेच्या हद्दीच्या निम्मीसुद्धा नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या वर. जळगाव जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला साधारण ३६० माणसं राहतात, इथे दोन हजारांहून अधिक. फोटोत मोकळी दिसणारी ही जागा मुळात दाटीची आहे. मोकळं आहे ते पाणी: बेटांभोवतीचं खाजण, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेला उथळ निळा पट्टा, सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरचं आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला केंद्रशासित प्रदेश झाला तेव्हा नाव होतं लक्कदीव, मिनिकॉय आणि अमिनदिवी बेटे. कारभार कोझिकोडहून चाले, तो १९६४ मध्ये कवरत्तीला आला, आणि लक्षद्वीप हे नाव १९७३ चं. १९६७ मध्ये प्रवेश आणि वास्तव्यावर निर्बंध घालणारे नियम झाले. इथले जवळजवळ सगळे रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात, त्यामुळे बाहेरच्याला परवान्याशिवाय प्रवेश नाही. हेतू स्थानिकांच्या जमिनीचं आणि समाजाचं रक्षण हा होता. निसर्ग त्यात आपोआप राखला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

१९७४ मध्ये बिनवस्तीचं बंगाराम परदेशी पर्यटकांना खुलं झालं. वस्तीच्या बेटांपासून त्यांना दूर ठेवायचं, असा सरळ हिशेब होता. दारू पुढेही बंगारामपुरतीच चालली, बाकी बेटांवर बंदी. १९८२ मध्ये प्रशासनाने ‘स्पोर्ट्स’ ही पर्यटन संस्था काढली आणि देशी प्रवाशांच्या जहाज-सहली तिच्याकडे आल्या. १९८८ मध्ये अगत्तीची धावपट्टी सुरू झाली. तिची लांबी जेमतेम १,२०० मीटर, म्हणून तिथे आजही एटीआरसारखी छोटी विमानंच उतरतात.

या सगळ्यात शहाणपणाची योजना ठरली ती ‘समुद्रम’. ७०० प्रवाशांचं एम. व्ही. कवरत्ती हे जहाज कोचीहून निघतं, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय दाखवतं आणि रात्री प्रवासी जहाजावरच झोपतात. आंघोळीचं पाणी जहाजाचं, संडासही जहाजाचा. बेटावर खर्च होतं ते पिण्याचं पाणी आणि दुपारचं जेवण. अनेक बेटांवर जहाज खाजणात शिरत नाही, बाहेर नांगर टाकून माणसं लहान होड्यांत उतरवावी लागतात. समुद्र खवळलेला असेल तर तेही जमत नाही, म्हणून पावसाळ्यात पर्यटन जवळपास बंद. ही गैरसोयच माणसांचा ओघ रोखणारी बेटांची झडप होती. विमान आणि किनाऱ्यावरच्या खोल्या आल्या की झडप निघते, आणि मग पाणी मोजावंच लागतं.

गोड पाणी इथे नदीतून येत नाही. प्रवाळाच्या सच्छिद्र वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते हलकं असतं. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या १.०२५ पट धरली तर नियम असा निघतो: समुद्रसपाटीच्या वर गोड पाणी १ मीटर असेल, तर खाली ते ४० मीटरपर्यंत असतं. छोट्या बेटावर ही वरची पातळी काही सेंटिमीटरच भरते आणि प्रत्यक्षात गोड पाण्याचा थर काही मीटरचाच राहतो. याच गणिताची दुसरी बाजू वाईट आहे. उपशाने पातळी १० सेंटिमीटर उतरली की खारं पाणी खालून ४ मीटर वर सरकू पाहतं. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात पाणी खाली गेलं की बोअर आणखी खोल नेतात. इथे खोल गेलं की खारं पाणी हाती येतं. म्हणून बेटावरची विहीर उथळ हवी, उपसा थोडा आणि अनेक ठिकाणी विभागलेला हवा. एका जागी मोठा पंप बसवला की बरोबर त्याच्याच खाली खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. एकदा खारावलेली विहीर पंप बंद केल्यावर लगेच सुधारत नाही, पुढचे पावसाळे थांबावं लागतं.

यावर २००५ मध्ये कवरत्तीला राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने एक वेगळा प्रकल्प उभारला. पृष्ठभागावरचं सुमारे २८ अंशांचं पाणी कमी दाबाखाली उकळून वाफ करायची, आणि साधारण ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या १२-१३ अंशांच्या पाण्याने ती थंड करायची. बेटाचा कडा समुद्रात एकदम खोल उतरतो म्हणून एवढं थंड पाणी किनाऱ्याजवळच मिळतं. क्षमता रोज १ लाख लिटर. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. काम चोख आहे, पण आकडा बघा. कवरत्तीची लोकसंख्या ११ हजारांच्या पुढे, म्हणजे माणशी ९ लिटर: पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. हॉटेलसाठी बांधकामाच्या मानकात दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर धरतात. त्या हिशेबाने अख्ख्या प्रकल्पाचं पाणी साडेपाचशे खाटांत संपतं. शिवाय पंप चालवायची वीज मुख्यतः डिझेलवर होते आणि डिझेल कोचीहून येतं.

पाऊस मात्र भरपूर आहे, वर्षाला सुमारे १,६०० मिलिमीटर, खान्देशच्या दुपटीहून अधिक. ५० चौरस मीटरच्या छपरावरून, वीस टक्के गळती-बाष्प सोडूनही, ६४ हजार लिटर मिळू शकतं. अडचण साठवणीची. पाऊस जूननंतर पडतो, पाहुणे ऑक्टोबर ते मे येतात, आणि टाकीला जागा म्हणजे जमिनीचा तुकडा. तरीही नव्या खोलीला परवानगी देताना ‘टाकी किती लिटरची?’ हा पहिला प्रश्न हवा. वातानुकूलन नंतर.

सांडपाण्याचं दुखणं पाण्याशीच बांधलेलं आहे. घरोघरी विहीर आणि जवळच शोषखड्डा, मध्ये भरड वाळू. ती पाणी फारसं गाळत नाही, त्यामुळे मैल्यातले जंतू विहिरीत पोचतात आणि त्यातलं नत्र खाजणात. नत्र वाढलं की शेवाळ फोफावतं आणि प्रवाळ गुदमरतो. बाटल्या, पिशव्या, बॅटऱ्या पुरायला जागा नाही. जाळल्या तर धूर वस्तीवरच. उरतो तो एकच मार्ग, बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नौकेवर, परत मुख्य भूमीकडे. येताना भरलेलं बार्ज जाताना कचऱ्यासाठी राखायचं, तर त्याचा खर्च कोणाच्या तिकिटात धरायचा, हा प्रश्न कोणत्याही चकचकीत आराखड्यात सहसा दिसत नाही.

प्रवाळाबद्दल बोलताना दोष नुसता पर्यटकांवर ढकलून चालणार नाही. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा अंशभराने जास्त, आणि तेही काही आठवडे राहिलं, की प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न देणारं सूक्ष्म शेवाळ निघून जातं आणि तो पांढरा पडतो. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये हे घडलं. अगत्ती, कडमत आणि कवरत्तीच्या दीर्घ पाहणीत जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत १९ टक्क्यांवर आलं. बंगारामच्या कंकणातलं, म्हणजे त्याच प्रवाळ-वर्तुळातलं, परळी-१ हे निर्जन बेट तर झिजून संपलं. होडीचा नांगर, प्रवाळावर टाकलेला पाय आणि जेटीसाठी केलेलं खोदकाम हे त्यावरचे जादा घाव. उष्णतेची पुढची लाट येण्याआधी प्रवाळाला सावरायला जी दहाएक वर्षं हवीत, तीच हे घाव खातात.

माशांची गोष्ट कमी सांगितली जाते. इथली परंपरा गळाच्या काठीने ट्यूना पकडण्याची. मिनिकॉयची ही पद्धत १९६० च्या दशकापासून इतर बेटांवर पसरली. ट्यूना खोल समुद्रातला, त्यामुळे कड्यावरचे मासे वाचले. त्यांतला पोपटमासा शेवाळासोबत मेलेला प्रवाळही कुरतडतो आणि त्याच्या विष्ठेतून पांढरी वाळू पडते. ज्या किनाऱ्यासाठी पाहुणा येतो तो किनारा काही अंशी असाच बनतो. ताटात ‘ताजा रीफ फिश’ मागणारे वाढले की ही साखळी तुटते.

मालदीवचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. तिथे पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये उघडलं. सुमारे १,२०० बेटांपैकी बिनवस्तीचं एक बेट एका रिसॉर्टला, असा नियम झाला. बांधकाम ठरावीक टक्क्यांतच, इमारत झाडांच्या शेंड्यांवर जायची नाही, वीज-पाणी ज्याचं त्याने करायचं. कडक नियम असूनही कचरा माले शहराजवळच्या थिलाफुशीवर नव्वदच्या दशकापासून साचत गेला. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या निःक्षारीकरण (समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या) प्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारताने विमानं आणि नौदलाच्या जहाजातून पाणी पाठवलं. तिथे एक बेट बिघडलं तर दुसरं आहे. लक्षद्वीपकडे बिनवस्तीची जमीन मोजकीच, आणि तिच्यावर नारळ आणि मासेमारीसाठी वस्तीच्या बेटांचा हक्क आहे. फिलिपिन्सचं बोराकाय २०१८ मध्ये सांडपाणी थेट समुद्रात गेल्याने सहा महिने बंद ठेवावं लागलं. उघडताना एका वेळी १९,२१५ पर्यटकांची मर्यादा घातली गेली. आकडा आला, पण नुकसान झाल्यावर.

अंदमान आपल्याला सावरकरांमुळे जवळचं. तिथे जमीन आणि जंगल मुबलक, प्रश्न वेगळा: जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जाणारा रस्ता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याचा काही भाग बंद करायला सांगितलं, तरी पर्यटकांच्या गाड्यांचे ताफे चालू राहिले. घेण्यासारखी गोष्ट पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरची आहे. १९८३ च्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेडस्किन ही बेटं आळीपाळीने उघडतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. प्लास्टिकची बाटली नेता येत नाही, अनामत ठेवून दुसरी घ्यावी लागते. साधा उपाय, आणि तो चालतो.

लक्षद्वीपसाठी २०११ च्या द्वीप संरक्षण अधिसूचनेने प्रत्येक बेटाचा एकात्मिक आराखडा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. आर. व्ही. रवींद्रन समितीने तो तपासला. २०१७ मध्ये केंद्राने द्वीप विकास संस्था स्थापली. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्याला बेटांवर जोरदार विरोध झाला, मुख्यतः जमीन संपादनाच्या भीतीने. त्याच वर्षी कडमत, मिनिकॉय आणि सुहेलीसाठी पाण्यावरच्या व्हिलांच्या निविदा निघाल्या. आता मिनिकॉयला विमानतळाचा प्रस्ताव आहे. म्हणजे झडप उघडते आहे, आणि खोल्यांची संख्या पाण्याच्या आकड्याआधी ठरते आहे.

खान्देशातून जाणाऱ्यासाठी यातली एक गोष्ट थेट कामाची. आपण मे महिन्यात ४४ अंशांतून पळ काढतो, पण एप्रिल-मे हेच तिथे विहिरी सर्वांत खाऱ्या आणि पाणी सर्वांत तापलेलं असण्याचे दिवस. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बेटाला परवडतो आणि समुद्रही शांत असतो. परवाना पॅकेजमध्ये असेल तर आयोजक काढतो. स्वतंत्र जायचं तर बेटावरचा प्रायोजक आणि आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र लागत आलं आहे, त्यासाठी महिनाभर हातात ठेवा. सहल ठरवताना आयोजकाला तीन गोष्टी विचारा: पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, कोरडा कचरा कोचीला परत नेता का. चिवडा-शेवेची पाकिटं घरीच डब्यांत रिकामी करून न्या, स्टीलची बाटली घ्या, आणि जेवणात ट्यूना मागा.