निनावीपणा (मुंबईच्या संदर्भात)

निनावीपणा : बोलणारा, लिहिणारा किंवा एखादी कृती करणारा माणूस कोण, हे इतरांना कळू न देण्याची स्थिती. टोपणनावामागचा माणूस दिसत नसला तरी नाव कायम राहते आणि वाचक त्या नावाला जाब विचारू शकतो. निनावी मजकुराच्या बाबतीत तीही सोय नसते. गोपनीयतेत ओळख डॉक्टरला, वकिलाला किंवा अधिकाऱ्याला ठाऊक असते, पण ती पुढे जात नाही. प्रत्यक्षात या तिन्हींची सरमिसळ होते.

मुंबईतल्या समाजसुधारणेची सुरुवात बरीचशी नाव झाकूनच झाली. १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ अशा सहीने इंग्रजी राजवटीवर झोड उठवणारी पत्रे आली. ती भास्कर पांडुरंग तर्खडकरांची होती. त्यांचे थोरले बंधू, व्याकरणकार दादोबा, हे १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेचे एक पुढारी. सभेचे कामकाज गुप्त चाले. नव्या सभासदाला जातिभेद न मानण्याची शपथ घेऊन ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. त्या काळी एवढ्या एका घासापायी माणूस वाळीत पडे, घरातल्या मुलामुलींची लग्ने अडत. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटली आणि सभा मोडली. या मंडळींना भित्रे ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. पुढे १८६७ मध्ये तिसरे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे उभा राहिला, तो याच मशागतीवर.

याच काळात, १८४८ पासून, गोपाळ हरी देशमुखांची पत्रे मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने येत होती. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे प्रसिद्ध झाली. लिहिणारी रखमाबाई, लहानपणी लागलेल्या लग्नाचा नवरा नांदायला ये म्हणून तेव्हा तिच्यावर दावा लढवत होता. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम दिला. अशा स्त्रीने आधी स्वतःचे नाव छापावे आणि मगच बोलावे, असे म्हणणे म्हणजे तिला गप्प बसवणेच होय.

शहरातल्या गर्दीने दिलेला निनावीपणा वेगळा. गावात पाणवठ्यापासून पंगतीपर्यंत जात आधी विचारली जाई. लोकलच्या डब्यात खांद्याला खांदा लागतो तिथे ती विचारायला कोणाला सवड नसते. आठ-बावन्नला रोज भेटणारी माणसे वर्षानुवर्षे ‘काय भाऊ’, ‘सरका जरा काका’ यावर भागवतात. हा मोकळेपणा खरा आहे, पण दारापर्यंतच. भाड्याने खोली बघायला गेले की पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ हाच येतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. मुंबईतही तिच्या सभा भरतात. ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे’ एवढीच ओळख द्यायची असते. आडनाव, हुद्दा, पगार सांगावा लागत नाही आणि खोलीतले बोलणे खोलीतच राहते. व्यसन सुटलेल्याने त्याचा मोठेपणा मिरवू नये, हाही त्यामागचा हेतू आहे.

धमकीसाठी नाव लपवणे हा मात्र गुन्हाच, आणि भारतीय न्याय संहितेत त्याला जादा शिक्षा आहे. त्याच संहितेचे कलम ७२ बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करते; जुन्या दंडसंहितेत ही तरतूद १९८३ पासून होती.

सरकारी कचेऱ्यांत निनावी तक्रारीला सहसा केराची टोपली मिळते. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये अशा तक्रारींवर कारवाई न करण्याचे ठरवले. २००३ मध्ये रस्तेबांधणीतला भ्रष्टाचार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा बिहारमध्ये खून झाला. नाव गुप्त ठेवा, अशी त्यांनी केलेली विनंती पाळली गेली नव्हती. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने वेगळी सोय केली. तक्रार बंद पाकिटात आयोगाकडे पाठवायची, पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव घालायचे नाही. नाव-पत्ता आत लिहायचा आणि तो गुप्त राखण्याची जबाबदारी आयोगाची.