उघड्यावरील दुचाकीची राखण (कोकण किनारपट्टी)

बंदिस्त जागा नसताना मोटारसायकल किंवा स्कूटर अंगणात, पडवीलगत किंवा रस्त्याकडेला दीर्घकाळ उभी ठेवायची आणि ऊन, पाऊस, खारा वारा, उंदीर-घुशी व चोर यांपासून तिचा बचाव करायचा, याच्या रीती या नोंदीत दिल्या आहेत. विदर्भात गाडीचा मुख्य शत्रू ऊन असते. चंद्रपूरसारख्या ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हात प्लॅस्टिक फिकुटते, सीटचे रेक्झिन तडकते आणि टायरांच्या बाजूंना बारीक भेगा पडतात. कोकणात प्रश्न अधिक अवघड आहे. मुंबई-पुण्याचे अनेक चाकरमानी गावच्या घरी एक गाडी ठेवतात. ती मे महिन्यात फिरते आणि नंतर एकदम गणपतीत बाहेर निघते. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याची सरासरी ३,००० मिमीच्या पुढे असते आणि त्यातला सर्वाधिक जोराचा पाऊस ही गाडी जागेवर उभी राहून काढते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या कामांत, शाकारणी आणि लाकूडफाट्याच्या बरोबरीने, या गाडीचेही एक काम धरायला हवे.

ओल आणि मीठ : पावसाचे पाणी अंगावरून वाहून जाते आणि ऊन-वारा लागला की गाडी वाळते. खरे नुकसान अडकून राहिलेली ओल करते. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज वेगाने धरतो. कोकणात पावसाळ्यात ती कित्येक दिवस ८०-९० टक्के असते. त्यात समुद्रावरून येणारे मिठाचे कण पत्र्यावर बसतात. मीठ सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत हवेतलेच पाणी ओढून विरघळते. त्यामुळे मालवण, अलिबाग किंवा जुहूच्या किनाऱ्याजवळची गाडी पावसाचा थेंब न लागताही गंजते. स्पोक, नटबोल्ट, चेन आणि क्रोमचा सायलेन्सर यांवर आधी तांबूस ठिपके येतात. ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी दिसते. म्हणून गाडी झाकण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे, हे सगळ्या कामांतले पहिले काम. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. तसल्या पाण्याने धुतल्यास मीठ परत अंगावर बसते.

जागा : कोकणात पावसाची झड बहुधा नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येते. त्यामुळे घराच्या पूर्वेची किंवा ईशान्येची भिंत गाडीला आडोसा देते. पागोळ्यांची रेघ टाळावी, कारण तिथे वरून पाणी आणि खालून चिखलाचे शिंतोडे दोन्ही येतात. मातीत किंवा गवतात उभ्या गाडीच्या पोटाला जमिनीची ओल सतत लागत राहते. फरशी, जांभ्याचे चिरे किंवा निदान जाड प्लॅस्टिक खाली घालावे. साइड स्टँड भिजल्या मातीत रुतून गाडी आडवी होते, म्हणून डबल स्टँड उत्तम. त्यावर एक चाक अधांतरी राहते. दुसऱ्या चाकावरचा भार एकाच जागी पडू नये म्हणून ते अधूनमधून थोडे फिरवावे.

झाडाखाली गाडी लावण्याची सवय सोडावी. पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहराच्या फांद्या वादळात सहज मोडतात. आंब्यावरून चिकट थेंब गळतात आणि त्यांवर काळी बुरशी चढते. माडाखाली तर गाडीही लावू नये आणि आपणही थांबू नये. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते. ती वाळून बसली की रंगावर कायमचा डाग पडतो, म्हणून ओल्या फडक्याने भिजवून लगेच काढावी. कोरडी खरवडली तर रंगावर चरे उठतात.

बांबू किंवा पाइपावर पत्रा टाकून केलेले बाजूंनी उघडे छप्पर हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय, कारण वरचे पाणी अडते आणि वारा खेळता राहतो. मात्र पत्रे हुकांनी पक्के आवळलेले हवेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा घराघरांवरचे पत्रे उडाले आणि माड-पोफळी आडव्या झाल्या.

कव्हर : बाजारात कव्हर घेताना बहुतेक जण ‘पाणी आत जाते का’ एवढेच विचारतात. आतली वाफ बाहेर जाते का, हे विचारणे तितकेच गरजेचे आहे. साधी ताडपत्री किंवा प्लॅस्टिक अंगाला घट्ट गुंडाळले, तर रात्री गारव्याने आतल्या बाजूस थेंब धरतात आणि गाडी दिवसचे दिवस दमट कोंडीत राहते. असे झाकण्यापेक्षा छपराखाली उघडी ठेवलेली गाडी बरी. आतून लेप दिलेले पॉलिस्टरचे कापड, हवेसाठी झडपा आणि पोटाखालून बांधायचा पट्टा असलेले कव्हर निवडावे. पट्टा नसेल तर वाऱ्याने कापड फडफडत राहते आणि आत अडकलेली धूळ रंग घासते. सायलेन्सर गार झाल्याशिवाय कव्हर घालू नये, ते वितळून चिकटते. पावसाने उघडीप दिली की कोणाला तरी सांगून कव्हर काढवावे आणि गाडीला दोन-चार तास वारा द्यावा. शेजारी किंवा घरचे माणूस एवढे करणारे असेल, तर महागड्या कव्हरची गरजच उरत नाही.

पेट्रोल आणि बॅटरी : आजचे पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप याच तळाशी असतो. टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला आत जागा कमी राहते आणि टाकीचा पत्रा आतून गंजत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या) खालच्या वाटीतले पेट्रोल स्क्रू सैल करून काढून टाकावे. तिथेच राहिले तर त्याची चिकट मळी बारीक भोके बुजवते. टाकीच्या झाकणाभोवतीच्या खळग्याला एक लहान निचऱ्याचे छिद्र असते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ते मातीने बुजले की खळग्यात साचलेले पाणी झाकणातून टाकीत झिरपते. बारीक तार घालून ते मोकळे करावे.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणविषयक नियमांनंतरच्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते आणि किल्ली बंद असतानाही बॅटरीतून थोडा प्रवाह जात राहतो. महिन्याहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल, तर बॅटरी काढून घरात ठेवावी. आधी ऋण टोकाची वायर सोडवावी, लावताना ती शेवटी लावावी. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. ती १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी. तशीच पडली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे थर बसून ती निकामी होते. विजेवरच्या स्कूटरची काढता येणारी बॅटरी निम्मी भरून घरात कोरड्या जागी ठेवतात.

आठवड्यातून एकदा दोन मिनिटे गाडी चालू करण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती नुकसानीची आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच राहते. कोणी वीसेक मिनिटे रस्त्यावर फिरवून आणणार असेल तर फिरवावी, नाहीतर अजिबात सुरू करू नये. ठेवण्यापूर्वी इंजिन ऑइल बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल साठलेले असते. चेन घासलेटने पुसून जाड गिअर ऑइल लावावे, उघड्या नटांवर ग्रीसचा हात फिरवावा. ब्रेकची डिस्क आणि पॅड यांना मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नये.

प्राणी : उंदीर वायरी कुरतडतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात घरटे करतात. कुंभारमाशी सायलेन्सरचे तोंड व बारीक नळ्या मातीने लिंपते. सायलेन्सरच्या तोंडाला फडके कोंबून त्याची आठवण म्हणून हँडलला दोरा बांधावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे या विषारी सापाचा वावर असतो आणि सापांना पावसात कोरडा आडोसा हवा असतो. कव्हर काठीने उचलून पाहिल्याशिवाय आत हात घालू नये.

शहरातील रस्त्यावर : मुंबईत चाळीपुढे किंवा रस्त्याकडेला ठेवलेल्या गाडीला चोरीची व उचलून नेली जाण्याची भीती अधिक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेले वाहन हलवण्याचा आदेश पोलीस देऊ शकतात. नुसते हँडल लॉक पुरत नाही. जाड साखळी चाकातून घेऊन खांबाला अडकवावी. विमा फक्त त्रयस्थ पक्षाचा असेल, तर चोरी आणि पूर या दोन्हींची भरपाई मिळत नाही.

बाहेर काढताना : हवा भरावी, सायलेन्सरमधले फडके काढावे, ऑइल दुधाळ दिसते का पाहावे. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी शिरले आहे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला, जशा २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात असंख्य बुडाल्या, किक किंवा बटन लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्यावे, ऑइल बदलावे, मगच पुढचे. बरेच दिवस उभ्या गाडीच्या क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. इंजिन बंद ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी मागेपुढे ढकलली की त्या सुटतात. डिस्कवरची तांबूस झाक पहिल्या काही ब्रेकांत निघून जाते, तोवर गावातल्या मोकळ्या रस्त्यावर हळू चालवावी आणि उतारावर नेऊ नये.