दख्खनचे दंगे

पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी 1875 च्या उन्हाळ्यात सावकारांविरुद्ध केलेला उठाव. सरकारी कागदपत्रांतून ‘दंगे’ हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात माणसांवर हात क्वचितच उचलला गेला. जमावाला हवी होती ती खाती, खते (कर्जरोखे) आणि हुकूमनामे (कर्जवसुलीचे न्यायालयीन आदेश).

उठावाचा आरंभ सर्वसाधारणपणे 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे झाला असे मानतात. हे सुपे म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतले, आज बारामती तालुक्यात असलेले बाजारगाव. पारनेर तालुक्यातील त्याच नावाच्या गावाशी त्याची गल्लत होते आणि दंग्यांची झळ पारनेरलाही लागली असल्याने ती सहज खपून जाते. काही अभ्यासक मात्र आरंभ पाच महिने मागे, शिरूर तालुक्यातील करडे येथे नेतात. तेथे डिसेंबर 1874 मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडले. गावाने सावकाराला वाळीत टाकले व हे लोण शेजारच्या गावांत गेले. बहिष्कार आणि जाळपोळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. तरी सुप्याचा जमाव आयत्या वेळी गोळा झाला नव्हता, एवढे करड्यावरून दिसते.

सुप्यात काय घडले ते जिल्हा न्यायदंडाधिकाऱ्याच्या 16 मेच्या पत्रात आहे. सावकाराचे एक घर जळाले होते, डझनभर घरे फोडून रिकामी केली होती. हिशेबाचे कागद, खते, धान्य आणि देशी कापड भर रस्त्यात जाळले होते व राखेचे ढीग तो पोचला तेव्हाही तसेच पडून होते. नुकसान 25,000 रुपयांहून अधिक असावे असा त्याचा अंदाज. सावकारांचा दावा लाखाच्या वर होता. पुढे श्रीगोंदे, पारनेर भागांतही असेच प्रकार झाले. एकंदर 951 जणांना अटक होऊन 501 जणांना शिक्षा झाल्या.

कारणांविषयी एकमत नाही. जुन्या ग्रंथांतून येणारी मांडणी अशी : अमेरिकन यादवी युद्धामुळे (1861–65) कापसाचे भाव चढले, पत वाढली, युद्ध संपताच भाव कोसळले व सावकारांनी हात आखडला. मात्र दंग्यांचा मुलूख मुख्यतः ज्वारी-बाजरीचा, अवर्षणाचा होता आणि कापसाच्या खानदेशात दंगे झाले नाहीत. त्यामुळे केवळ कापसावर भिस्त ठेवणे कठीण आहे. फार तर तेजीच्या काळातील मजुरी व गाडीभाडे नंतर आटले, असे म्हणता येईल. सारावाढीचा, म्हणजे जमीनमहसूल वाढल्याचा, मुद्दा अधिक भक्कम वाटतो. रयतवारी (सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई ती पद्धत) मोजणीची तीस वर्षांची मुदत इंदापुरात 1860 नंतरच्या दशकात प्रथम संपली आणि नवी आकारणी पन्नास टक्क्यांहून अधिक चढली. दंग्यांच्या चौकशी आयोगाने सावकारीवर बोट ठेवले, पण ऑकलंड कॉल्व्हिन या सदस्याने वेगळ्या टिपणात साऱ्यालाही दोष दिला. इतिहासकार रवींदर कुमार यांनी रयतवारी आणि दिवाणी न्यायालयांनी बदललेल्या ग्रामसंबंधांवर भर दिला आहे. नील चार्ल्सवर्थ यांच्या मते दंग्यांची व्याप्तीच फुगवून सांगितली गेली.

सावकारी खताची रीत येथे समजून घेतली पाहिजे, कारण रोष तिच्यावर होता. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी सावकार नवे खत करून घेऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दलात जमा होऊ लागले. दरमहा दरशेकडा 2 रुपये व्याज धरले, तर 100 रुपयांचे तीन वर्षांनी 172 होतात. त्या रकमेचे नवे खत केले की सहाव्या वर्षअखेर सुमारे 296. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये हा दामदुपटीचा जुना नियम प्रत्येक खतापुरता पाळूनही आकडा येथवर जाई. कुळ बहुधा निरक्षर असे; खतावर त्याची निशाणी असे.

सत्यशोधक समाज (स्थापना 1873) आणि दंगे यांचा संबंध जोडला जातो. प्रदेश व काळ जुळतात, त्यापलीकडे थेट दुवा दाखवता येत नाही. वासुदेव बळवंत फडके यांनी फेब्रुवारी 1879 मध्ये पहिली लूट शिरूर तालुक्यातच, धामारी येथे केली.

त्याच वर्षी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा (1879 चा 17 वा) झाला. तो प्रथम पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद झाली. खते गावनिबंधकासमोर करण्याची तरतूद झाली व नोंदलेल्या खतांसाठी मुदत बारा वर्षांवर गेली. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील न्यायाधीश म्हणून काम पाहिले. सावकारांनीही वाट काढली : गहाणखताऐवजी साधे खरेदीखत करायचे आणि जमीन परत देण्याचा करार तोंडी ठेवायचा. असा तोंडी करार पुराव्यात घेण्याची मुभा देणारे 10-अ हे कलम 1907 मध्ये घालण्यात आले.